साठ ग्रॅम युरिया, साठ ग्रॅम काच

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा गावाच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा साकारते आहे. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसरचा झोत आणि तो झोत परत पाठवणारे आरसे, असा हा पसारा. यातला एकेक मुख्य आरसा ३४ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाडीचा आणि ४० किलोचा. तो शुद्ध सिलिकाच्या काचेचा असतो आणि त्याच काचेच्या, अर्धा मिलिमीटरही जाड नसलेल्या चार तंतूंवर टांगलेला असतो. त्याच तालुक्यातल्या शेतांवर हंगाम आला की ४५ किलोच्या युरियाच्या गोण्या उतरतात.

आरशाचा आणि युरियाचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी रसायनशास्त्राच्या वहीत दोघांपुढे जवळजवळ एकच आकडा पडतो. युरियापुढे ६०.०६ आणि सिलिकापुढे ६०.०८. हा साठ नेमका कशाचा, असं विचारलं की उत्तरांची रांग लागते. कुणी वजन म्हणतं, कुणी वस्तुमान, कुणी रेणुवस्तुमान, कुणी मोलर वस्तुमान, जुन्या पुस्तकांवर शिकलेलं कुणी रेणुभार. सगळं एकच, अशी समजूत करून घेऊन मुलं पुढच्या धड्याकडे वळतात. पण यातला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न न पाहता उत्तर उचललं तर नुकसान परीक्षेतल्या दोन गुणांपुरतं थांबत नाही. ते खताच्या हिशेबात, मातीच्या अहवालात आणि हळदीच्या तपासणीतही उतरतं.

सुरुवात वजन आणि वस्तुमान यांच्यापासून करायला हवी. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात हा फरक येतो, आणि तिथे बहुतेक वेळा चंद्राचं उदाहरण दिलं जातं. हिंगोलीकरांना चंद्रावर जायची गरज नाही. अमेरिकेतल्या हॅनफर्ड इथे लायगोची एक वेधशाळा आहे. तिथे बसवण्यासाठी तयार केलेला यंत्रणेचा दुसरा संच भारताला द्यायचं ठरलं आणि त्यातून लायगो-इंडियाची कल्पना आकाराला आली. म्हणजे जो आरसा हॅनफर्डला लटकला असता तो हिंगोलीत लटकणार. हॅनफर्ड उत्तरेला बरंच वर, साडेशेहेचाळीस अक्षांशाच्या आसपास आहे. हिंगोली विषुववृत्ताला त्याहून कितीतरी जवळ आणि समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे-साडेचारशे मीटर उंचीवर. पृथ्वीची ओढ हिंगोलीत किंचित कमी पडते. गुरुत्वत्वरण हॅनफर्डला सुमारे ९.८०७ आणि हिंगोलीत सुमारे ९.७८५. त्यामुळे ४० किलोच्या आरशाचं वजन तिथे ३९२.३ न्यूटन भरेल, तर इथे ३९१.४ न्यूटन. हॅनफर्डला जुळवलेला स्प्रिंगचा काटा तसाच उचलून हिंगोलीत आणला, तर तो आरसा जवळपास ९० ग्रॅम कमी दाखवेल. आरशातला सिलिकाचा एक कणही कमी झालेला नसेल.

आरसा टांगणाऱ्या तंतूंना वजनाशी मतलब आहे, कारण तेवढा भार त्यांना पेलायचा असतो. लेसरच्या झोताला मात्र वस्तुमानाशी मतलब आहे. प्रकाशही आरशाला सूक्ष्म धक्का देतो, आणि आरशाचं वस्तुमान जितकं जास्त तितका तो त्या धक्क्याने कमी हलतो. लायगोच्या पहिल्या पिढीतले आरसे साधारण ११ किलोचे होते. पुढच्या पिढीत ते ४० किलोचे केले, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. म्हणूनच लायगोतले लोक या आरशांना ‘टेस्ट मास’ म्हणतात.

बाजारातल्या काट्यावर हा फरक का जाणवत नाही? जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला वजनमापं असतात. पृथ्वी दोघांनाही सारखीच ओढते, म्हणून तराजू कुठेही नेला तरी वस्तुमानांचीच तुलना करतो. इलेक्ट्रॉनिक काटा तसा नाही. त्याच्या आतला लोड सेल बल मोजतो, म्हणजे खरं तर वजन, आणि आकडा किलोत दाखवतो. तो जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित मापं ठेवून जुळवावा लागतो. वैधमापन विभागाचा निरीक्षक काटा तपासून त्यावर मोहोर उठवतो तेव्हा या फरकाचाही बंदोबस्त होतो. रसायनशाळेतला नाजूक काटाही याच कारणासाठी सोबतच्या मापाने वेळोवेळी जुळवतात. रसायनशास्त्रज्ञ ‘वजन केलं’ म्हणतो तेव्हा त्याला जवळजवळ नेहमी वस्तुमान अभिप्रेत असतं. किलोग्रॅम हे एकक वस्तुमानाचंच आहे. २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बांधलेली आहे. त्याआधी ती पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावर होती, आणि त्या ठोकळ्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

आता अणूकडे. खरी गर्दी इथे होते.

जेवणातल्या मिठातला क्लोरीन घेऊ. त्याच्यापुढे तीन वेगवेगळे आकडे लिहिलेले सापडतात: ३५, ३४.९६९ आणि ३५.४५. पहिला आहे अणुवस्तुमानांक. ती मोजणी आहे, मोजमाप नव्हे. अणुकेंद्रकात १७ प्रोटॉन आणि १८ न्यूट्रॉन मिळून ३५ कण आहेत, एवढंच तो सांगतो. माणसं मोजताना जसा अपूर्णांक येत नाही तसाच इथेही येत नाही. दुसरा आकडा त्या एका समस्थानिकाच्या अणूचं प्रत्यक्ष वस्तुमान आहे, डाल्टन या एककात. एक डाल्टन म्हणजे कार्बन-१२ च्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. तिसरा आकडा सरासरी आहे. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये चारांपैकी साधारण तीन अणू क्लोरीन-३५ चे आणि एक क्लोरीन-३७ चा असतो. त्या मिश्रणाची सरासरी ३५.४५ येते. जगात ३५.४५ डाल्टनचा क्लोरीनचा एकही अणू नाही. तरीही मिठाचा हिशेब करताना हाच आकडा लागतो, कारण चिमूटभर मिठातही अणू इतके असतात की सरासरीच खरी ठरते.

या सरासरीला जुनं नाव अणुभार. आंतरराष्ट्रीय रसायन संघटना ‘आययूपॅक’ने हे नाव पूर्ण टाकून दिलेलं नाही, ‘सापेक्ष अणुवस्तुमान’ याच्या जोडीने ते आजही चालतं. सापेक्ष म्हणजे कार्बन-१२ च्या बाराव्या भागाशी केलेलं गुणोत्तर, म्हणून त्याला एकक नसतं. नाव जुनं राहिलं यामागे दोनशे वर्षांचा व्यवहार आहे. जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रोजनला एक धरून इतर मूलद्रव्यांचे भार ठरवले. पाण्यात एकास एक अणू असतात असं तो धरून चालला, त्यामुळे त्याच्या १८०८ च्या तक्त्यात ऑक्सिजन सातवर बसला. स्वीडनच्या बर्झेलियसने ऑक्सिजनला १०० धरलं. पन्नास वर्षं अशीच गेली. एकाच पदार्थाची सूत्रं माणसागणिक वेगळी लिहिली जात होती. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे इटलीच्या कानिझारोने अणूचं आणि रेणूचं वस्तुमान वेगळं कसं काढायचं याची सरळ रीत मांडली. त्या परिषदेला रशियाचा तरुण मेंडेलीव्ह हजर होता. १८६९ मध्ये त्याने आवर्तसारणी मांडली, ती सुधारलेल्या याच भारांच्या आधारावर.

पुढे ऑक्सिजन १६ हे माप सर्वांनी मान्य केलं, पण १९२९ मध्ये हवेतल्या ऑक्सिजनमध्ये १७ आणि १८ ची समस्थानिकं सापडली. मग भौतिकशास्त्रज्ञ शुद्ध ऑक्सिजन-१६ ला सोळा मानू लागले आणि रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक मिश्रणाला. दोन तक्ते, दोघांत दहा लाखांमागे सुमारे २७५ चा फरक. आकडा क्षुल्लक वाटतो, पण अचूक कामात तो आड येत होता. १९६१ पर्यंत दोन्ही बाजूंनी कार्बन-१२ वर समेट केला. जुन्या पुस्तकातले काही आकडे नव्याशी शेवटच्या घरात जुळत नाहीत, त्याचं एक मूळ इथे आहे.

क्लोरीन-३५ चं वस्तुमान ३५ हून थोडं कमी का, हा प्रश्न चौकस मुलं विचारतात, आणि त्याचं उत्तर हिंगोलीला दुधाळ्याच्या वाटेने घेऊन जातं. हेलियमचा अणू हाताने जुळवायचा ठरवला, तर दोन हायड्रोजन अणू आणि दोन न्यूट्रॉन मिळून ४.०३३ डाल्टन भरायला हवेत. प्रत्यक्षात हेलियमचा अणू ४.००२६ भरतो. कमी पडलेलं वस्तुमान कण एकत्र बांधले जाताना ऊर्जा होऊन बाहेर पडलेलं असतं, आइन्स्टाइनच्या समीकरणाच्या हिशेबाने. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने पहिली गुरुत्वीय लहर टिपली. तिथेही असाच हिशेब होता. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि उरलेलं कृष्णविवर ६२ पटींचं निघालं. मधली तीन सूर्यांची तूट लहरी होऊन विश्वात पसरली. ११ फेब्रुवारी २०१६ ला ही बातमी जाहीर झाली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. हेलियममध्ये तूट पाऊण टक्का, कृष्णविवरांत साडेचार टक्क्यांहून थोडी जास्त. नियम दोन्हीकडे तोच.

अणुभार ही सरासरी असल्यामुळे तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट खरी ठरते. मिश्रण बदललं की सरासरीही बदलते. शिशाच्या बाबतीत हे ठळक दिसतं. युरेनियमचा ऱ्हास होत होत शेवटी शिसं-२०६ उरतं आणि थोरियमचा शेवट शिसं-२०८ वर होतो. त्यामुळे कोणत्या खडकातलं शिसं आहे त्यावर त्याचा अणुभार ठरतो. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सने १९१४ मध्ये किरणोत्सारी खनिजातलं शिसं नेहमीच्या शिशाहून हलकं असल्याचं मोजून दाखवलं. आज आययूपॅक शिशाचा अणुभार एका आकड्यात न देता २०६.१४ ते २०७.९४ असा पल्ला देतं.

हिंगोलीसारख्या हळदीच्या जिल्ह्याला हे माहीत असावं. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी शिशाचं क्रोमेट चोळण्याची घातक भेसळ होते. बांगलादेशात लोकांच्या रक्तातलं शिसं आलं कुठून, याचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण रक्तात आणि हळदीतल्या रंगात ताडून पाहिलं तेव्हा धागा हळदीपर्यंत पोहोचला. अणूंच्या वस्तुमानातला बारीक फरक तिथे साक्षीदार ठरला.

भारतात हळदीतल्या शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा शिशाची आहे, शिशाच्या क्रोमेटची नाही. क्रोमेटचं मोलर वस्तुमान सुमारे ३२३ ग्रॅम, त्यात शिसं २०७ ग्रॅम, म्हणजे ६४ टक्के. एक ग्रॅम रंगात ६४० मिलिग्रॅम शिसं येतं. तेवढ्या रंगाने ६४ किलो स्वच्छ हळद मर्यादेच्या काठावर जाते.

मघाच्या साठाकडे परत येऊ. युरियाच्या एका रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. त्यांचे अणुभार मिळवले की ६०.०६ येतात. ‘एक रेणू किती जड’ या प्रश्नाचं उत्तर ६०.०६ डाल्टन, हे रेणुवस्तुमान. ‘एक मोल किती जड’ याचं उत्तर मोलामागे ६०.०६ ग्रॅम, हे मोलर वस्तुमान. मोल म्हणजे ६०२२ च्या पुढे वीस शून्यं द्यावीत साधारण इतके कण. आकडा तोच राहतो, कारण डाल्टन आणि मोल ही एककं तशी जुळवूनच बांधलेली आहेत. पण एका उत्तरात डोळ्यांना कधीच दिसणार नाही एवढा कण आहे आणि दुसऱ्यात ओंजळीत मावणारा ढीग. वहीत एकक गाळलं की हा फरक पुसला जातो, आणि मग ‘युरियाचा रेणू ६० ग्रॅमचा असतो’ अशी वाक्यं उत्तरपत्रिकेत उतरतात.

आरशाच्या काचेत तर रेणूच नाहीत. सिलिकात प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना धरून असतो. ही साखळी आरशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुटत नाही. त्यामुळे ‘सिलिकाचं रेणुवस्तुमान’ हा शब्दप्रयोग सैल आहे, ६०.०८ हे त्याचं सूत्र वस्तुमान. मिठाचंही तसंच, ५८.४४ हे सूत्र वस्तुमान. मोलर वस्तुमान मात्र दोघांनाही लागू पडतं, कारण मोल कशाचाही मोजता येतो, सूत्राचासुद्धा. ४५ किलोच्या गोणीत शुद्ध युरिया धरला तर सुमारे ७५० मोल भरतात, ४० किलोच्या आरशात सुमारे ६६६. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात अशी जवळची उदाहरणं घेतली, तर मोलाची भीती बरीच कमी होईल.

हळदीच्या कर्क्युमिनमध्ये आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही गाठते. कर्क्युमिनच्या बाटलीवर ३६८.३८ लिहिलेलं असतं. तेच कर्क्युमिन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घातलं की पडद्यावर उंच शिखर ३६९.१३ ला दिसतं. नमुना अशुद्ध आहे का? नाही. बाटलीवरचा आकडा सगळ्या समस्थानिकांची सरासरी आहे आणि तो मोलाच्या हिशेबासाठी आहे. यंत्र एकेक रेणू वेगळा मोजतं, त्यामुळे त्याला सरासरी दिसतच नाही. ज्या रेणूत सगळे कार्बन १२ चे, सगळे हायड्रोजन १ चे आणि सगळे ऑक्सिजन १६ चे आहेत त्याचं वस्तुमान ३६८.१३. मोजण्यासाठी त्याला एक प्रोटॉन चिकटवला जातो, म्हणून ३६९.१३. शेजारी एका डाल्टनच्या अंतरावर एक ठेंगणं शिखर असतं, ते मुख्यतः कार्बन-१३ चा एक अणू असलेल्या रेणूंचं.

शेतकऱ्याच्या खिशाला सर्वांत जास्त भिडणारा गोंधळ खताच्या गोणीवर छापलेला असतो. युरियावर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं. शुद्ध युरियात ते ४६.६ टक्के बसतं, म्हणजे हिशेब सरळ. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. पण डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट) गोणीवरचं १८:४६ तसं सरळ नाही. १८ टक्के नत्र हे खरोखर नायट्रोजनचं वस्तुमान. ४६ टक्के स्फुरद हे मात्र फॉस्फरसचं वस्तुमान नाही. तो फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मांडलेला आकडा आहे, आणि गंमत अशी की डीएपीच्या गोणीत फॉस्फरस पेंटॉक्साइड मुळातच नसतं. एकोणिसाव्या शतकातले विश्लेषक नमुना जाळून, तापवून जे उरायचं त्याचं वस्तुमान ऑक्साइड म्हणून नोंदवत. खनिजांची आणि राखेची ती रीत खतांच्या व्यवहारात कायमची बसली. या ऑक्साइडमध्ये फॉस्फरस ४३.६ टक्के. म्हणजे ५० किलोच्या डीएपीत स्फुरद २३ किलो छापील, पण फॉस्फरस १० किलो. म्युरेट ऑफ पोटॅशचंही असंच, ६० टक्के पालाश म्हणजे प्रत्यक्ष पोटॅशियम सुमारे ५० टक्के.

हळदीला हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश अशी शिफारस सर्रास सांगितली जाते. यातलं स्फुरद गोणीवरच्याच भाषेतलं आहे. १०० किलो स्फुरदासाठी डीएपीच्या साडेचारच्या आत गोण्या लागतात. त्यांतून ३९ किलो नत्र आपोआप मिळतं आणि उरलेल्या १६१ किलो नत्राला युरियाच्या आठच्या आत. कुणी पुस्तकात वाचून ‘स्फुरद म्हणजे फॉस्फरस’ असं धरलं आणि १०० किलो फॉस्फरस द्यायला निघाला, तर डीएपीच्या दहा गोण्या लागतील. पैसा दुपटीहून जास्त जातो, आणि जमिनीत साचलेला जादा स्फुरद पिकाला जस्त घेण्यात अडथळा आणतो.

उलटी चूक मातीच्या अहवालात होते. समजा, अहवालात उपलब्ध स्फुरद हेक्टरी २२ किलो आलं. हा आकडा फॉस्फरसचा असेल तर उपलब्ध फॉस्फरस मोजण्याच्या ओल्सन पद्धतीच्या प्रचलित वर्गवारीत जमीन मध्यम ठरते, वरच्या बाजूला झुकलेली. तोच आकडा ऑक्साइडचा असेल तर फॉस्फरस फक्त ९.६ किलो, आणि जमीन कमी स्फुरदाच्या गटात जाते. दोन्हींमधला गुणक २.२९. अहवालाच्या स्तंभाच्या माथ्यावर काय लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय खताचा डोस ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम.

पाण्याच्या तपासणीतही हाच प्रकार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. अमेरिकेची मर्यादा १० आहे. अमेरिका चौपट कडक आहे असं वाटतं, पण तिथला आकडा नायट्रेटमधल्या नायट्रोजनपुरता आहे, आणि ४५ नायट्रेट म्हणजे १०.२ नायट्रोजनच. विहिरीच्या पाण्याच्या अहवालात नुसतं १२ आलं, तर ते पाणी नायट्रेटच्या मापाने निर्धास्त आणि नायट्रोजनच्या मापाने मर्यादेबाहेर.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सममूल्यभार नावाचा एक जुना पाहुणा अजून ठाण मांडून आहे. आययूपॅक त्याला पसंती देत नाही, नव्या पाठ्यपुस्तकांतून तो मागे पडत चालला आहे. पण सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत भारतभर चालते, आणि तिच्या कृतीत तो पहिल्याच ओळीत भेटतो. कृती अशी: शंकुपात्रात चाळलेली एक ग्रॅम माती घ्यायची. तिच्यावर एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण १० मिलिलिटर घालायचं आणि मग २० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. पात्र हाताला चटका देण्याइतकं तापतं. अर्धा तास तसंच ठेवून पाणी, फॉस्फरिक आम्ल आणि डायफिनिलअमाइनचा दर्शक घालतात आणि ब्युरेटमधून अर्धा नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट सोडत राहतात. रंग गडद जांभळट निळा होतो आणि एका थेंबाने लख्ख हिरवा. तिथे थांबायचं.

एक नॉर्मल डायक्रोमेट म्हणजे लिटरमागे ४९.०३ ग्रॅम. डायक्रोमेटचं मोलर वस्तुमान मात्र २९४.१८. हा सहापटींचा फरक कुठून आला? या अभिक्रियेत डायक्रोमेट सहा इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून मोलर वस्तुमानाला सहाने भागायचं. फेरस अमोनियम सल्फेट एकच इलेक्ट्रॉन देतं, म्हणून त्याचा सममूल्यभार आणि मोलर वस्तुमान एकच, ३९२.१. अर्धा नॉर्मलला १९६.१ ग्रॅम. म्हणजे सममूल्यभार पदार्थाचा कायमचा गुण नाही, तो अभिक्रियेवर ठरतो. पोटॅशियम परमँगनेटचा तर आम्लात ३१.६ आणि उदासीन द्रावणात ५२.७. नवख्या मदतनिसाने ‘नॉर्मल’च्या जागी ‘मोलर’ समजून २९४ ग्रॅम डायक्रोमेट एका लिटरमध्ये घालायला घेतलं, तर चूक लगेच उघडी पडते. एवढं डायक्रोमेट साध्या पाण्यात विरघळतच नाही, तळाशी नारिंगी खडे उरतात. पण फेरस अमोनियम सल्फेटमुळे ‘नॉर्मल म्हणजेच मोलर’ असा चुकीचा धडा मनावर पक्का बसतो आणि पुढे परमँगनेटच्या वेळी नडतो. प्रयोगवहीत दोन्ही आकडे शेजारी लिहून ‘सहाने भागलं, कारण सहा इलेक्ट्रॉन’ एवढी एक ओळ घातली, तर पुढच्या प्रत्येक हाताला ती उपयोगी पडेल.

शेवटी हळदीच्या ढिगाजवळच थांबू. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात सुकी हळद येते, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि वसमतलाच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहतं आहे. कच्ची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करेपर्यंत पाच क्विंटलची साधारण एक क्विंटल होते. गेलेलं वस्तुमान बहुतांशी पाण्याचं. सुक्या हळदीतही आठ-दहा टक्के ओल राहतेच. म्हणून ‘कर्क्युमिन ४ टक्के’ या शेऱ्याचे दोन अर्थ होतात. आहे त्या मालावर ४ टक्के असतील तर क्विंटलमागे चार किलो. पूर्ण कोरड्या आधारावर असतील आणि ओल १० टक्के असेल, तर ३ किलो ६०० ग्रॅम. अर्काच्या कारखान्याला माल विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी हे ४०० ग्रॅम भावात दिसतात.

ती ओल मोजतानाही वस्तुमान फसवू शकतं. नमुना तापवून किती घट आली ते पाहिलं, तर त्या घटीत पाण्याबरोबर हळदीचं उडून जाणारं सुगंधी तेलही धरलं जातं, आणि हळदीत ते काही टक्के असतं. म्हणून मसाल्यांसाठी टोल्युइनची पद्धत वापरतात. दळलेली हळद टोल्युइनमध्ये उकळवतात, वाफ थंड होऊन खुणा असलेल्या नळीत उतरते. तेल टोल्युइनमध्ये मिसळून वर राहतं आणि पाणी खाली वेगळं साचतं. तिथे पाणी मोजायला काटा लागत नाही. पाण्याची पातळी मिलिलिटरमध्ये वाचायची, एका मिलिलिटरला एक ग्रॅम धरायचं आणि नमुन्याच्या वस्तुमानाने भागायचं.